आधी बोली, मग पाना

अहो, पाइप होता. पंप नाही, बूस्टर नाही, पट्टा तर नाहीच नाही. परतीचा पाइप. तुमी अंगठ्यानं दाबून "हा तर नवाकोरा दिसायलाय" म्हणून सोडून दिला होता ना, तोच. हाताला अजून तेलाचा वास आहे, किती साबण लावला तरी जाईना, आन मी तशीच तुमाला सांगायला बसले. दुसरं कुणाला सांगू? बाकीच्यांना पाइप म्हणजे नुसता पाइप.

लोक म्हणायलेत, तात्यांवर चार शब्द लिहा, फोटोसकट पेपरात देऊ. जन्म कुठला, गॅरेज कधी टाकलं, स्वभाव कसा होता. ते त्यांचं ते लिहितील. तुमचा जन्म तुमाला माहीत आहे आन स्वभाव मला माहीत आहे. तुमाला माहीत नाही ते एवढंच, की मारोतरावांच्या गाडीचं पुढं काय झालं. ते कळल्याशिवाय तुमी तिकडं सुखानं बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी तेच लिहिणार, पेपरवाल्यांनी छापो न छापो.

ती संध्याकाळ आठवा. मारोतराव रोज सकाळी राणीसावरगावाहून पोरींना गंगाखेडला कॉलेजात आणून सोडतात, ती त्यांची पांढरी लांब गाडी आपल्या फाटकातून आत आली. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. मारोतराव खाली उतरले, इंजिन चालूच होतं, ब्रेकवर कुणाचा पाय नाही, तरी मागचा लाल दिवा पेटलेलाच. बऱ्याच वेळानं विझला. मी बघितलं. पण मला कुणी विचारलं का?

"तात्या, गाडी आपोआप ब्रेक धरायलीय," मारोतराव म्हणाले. "वळणावर तर अशी धरते, की मागच्या पोरी पुढच्यांच्या अंगावर. चाकं तापायलीत. स्टेरिंग बी जड झालंय. पोरींची परीक्षा तोंडावर आली, आन मला ही गाडी चालवायची भीती वाटायलीय."

भीती वाटते म्हणणारा ड्रायव्हर तुमाला लय आवडायचा. ज्याला भीती न्हाई त्याची गाडी आपण घ्यायची न्हाई, असं तुमी म्हणायचे. तुमी मारोतरावांच्या पाठीवर हात ठेवला आन म्हणाले, "गाडी हितंच राहू द्या. बराबर झाल्याबिगर मी सोडत न्हाई." तुमी दिलेला शेवटचा शब्द तोच होता, आन तो आमच्या गळ्यात पडला.

ही गाडी आपल्या भागात दुसरी नाही. बाकीच्या गाड्यांत ब्रेकला जोर देणारा बूस्टर हवेच्या ओढीवर चालतो. हिच्यात तो तेलावर चालतो, आन ते तेल ढकलतो स्टेरिंगचाच पंप. म्हणजे एका मोटारीवर दोन वावरं भिजवायची तसं. तेल पंपातून निघतं, ब्रेकला जोर देतं, स्टेरिंगला जोर देतं, आन परतीच्या पाइपातून पुन्हा डब्यात येतं. हे तुमीच मला सांगितलं होतं, भाकरी खाता खाता, ताटात चटणीनं आकृती काढून. वर म्हणाले होते, दोन्ही वावरं सुकली तर मोटार बघावी, एकच सुकलं तर त्या वावराची नाली बघावी. ताट मलाच घासायचं होतं, म्हणून ध्यानात राहिलं.

मग आपल्या गॅरेजचा रिवाज. आधी बोली, मग पाना. गाडीला हात लावायच्या आधी प्रत्येकानं आपला अंदाज गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं सांगायचा, आन सगळ्यांच्या बोली होईस्तोवर पान्याला कुणी शिवायचं नाही. ज्याची चुकली त्यानं बॉनेटवर हात ठेवून म्हणायचं, माझी बोली चुकली. तुमी म्हणायचे, आधी पाना उचलला की माणूस जे खोललं त्यालाच दोष देतो, आन तोंडानं बोललं की मग लाजेखातर तरी नीट शोधतो. जिंतूर, पाथरीपासून लोक गाडी घेऊन यायचे, त्यातले निम्मे ही बोली ऐकायलाच येत असतील.

दत्ताभावजी म्हणाले, "बूस्टर." तुमी म्हणाले, "पंप."

तुमी पंप म्हणणार हे मला स्वयंपाकघरात बसून बी सांगता आलं असतं. तुमी कायम पंपच म्हणत आलात. दत्ताभावजी, तुमचा सख्खा भाऊ, लहानपणापासून तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस, तो सुद्धा तोंडावर म्हणायचा, की दादाच्या गाडीचा हॉर्न वाजंना तरी दादा आधी पंप बघतोय. तुमी चिडायचे नाही. "पंप हे गाडीचं काळीज हाय," म्हणायचे. "काळजावर पहिला संशय घ्यावा." स्वतःच्या बाबतीत मात्र घेतला नाहीत. छातीत जळजळतंय म्हणून ओवा खाऊन झोपलात.

थांबा, मी पुढं गेले. आधी माझ्या पायाचं.

"अगं, पाय दे जरा." लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुमी अंगणातून ओरडलात. मी पिठाच्या हातानं बाहेर आले, मला वाटलं काटाबिटा काढायचाय. तर तुमी मला एका जीपमध्ये बसवलं आन म्हणाले, मी दाब म्हणलं की दाब, सोड म्हणलं की सोड. तुमी बॉनेटमध्ये डोकं घालून, मी सीटवर. चार माणसं बघायला. मला इतकी लाज वाटली, की मी डोळे मिटूनच दाबलं. तेव्हापासून तेच. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, एकदा तर वरातीची सजवलेली गाडी, नवरदेव बाजूला उभा आन त्याच्या जागेवर मी. गिऱ्हाइकं सुद्धा म्हणायला लागली, "तात्या, वहिनीचा पाय मिळंल का?" उभ्या संसारात तुमी मला धड मापाची चप्पल आणली नाहीत, पण पायाची कदर लय केलीत.

आन एक सांगते, हे भांडण मी सोडलेलं नाही. अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्यांच्या सीटवर मी बसले, आन एक बी गाडी फाटकाबाहेर नेली नाही. शिकवा म्हणलं की तुमी म्हणायचे, तुझं काम पाय द्यायचं. पायाला डोकं असतं हे तुमाला पटायचंच नाही.

तर त्या संध्याकाळी तुमी म्हणाले पाय दे, मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आन बसले. दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं, सोडलं. मी म्हणलं, "अहो, पॅडल खाली बराबर जातंय, पण वर यायला रेंगाळतंय."

तुमी आतूनच म्हणाले, "चप्पल काढून दाब."

मी चप्पल काढली. "तरी तेच. माझ्या पायाच्या मागं मागं येतंय, पायाबरोबर येत न्हाई."

"तुझ्या पायाला मुंग्या आल्या असतील."

दत्ताभावजी हसले, मारोतराव हसले. मला राग आला. मी खाली उतरले, दार धाडकन लावलं आन म्हणलं, "जन्मभर पाय मागितलात, एकदा तरी बोली मागायची होती."

तुमी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. कपाळाला काळं लागलेलं. फडक्याला हात पुसले आन म्हणाले, "बरं बाई. उद्या सकाळी तुझी बी बोली घेऊ."

ती सकाळ आली, आन तुमी नव्हता. दवाखान्यात नेईस्तोवर सुद्धा थांबला नाहीत. त्या गाडीचं बॉनेट उघडंच राहिलं होतं, अंगणात लोक जमले आन कुणीतरी ते हळूच खाली लावलं. त्या आवाजानं मला रडू फुटलं, तोवर मी रडले नव्हते.

अहो, लय आठवण येते. सरळच सांगते, आडवळणानं सांगायला मला येत नाही. घर खायला उठतं म्हणतात, माझं घर गप्प बसतं. पान्यांचा खणखणाट नाही, तुमची शिट्टी नाही, "अगं" नाही. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, रडून घ्या वहिनी, मोकळं वाटंल. आन मी त्यांच्या खांद्यावरून अंगणातल्या गाडीकडं बघत बसायची. रडता रडता मनात यायचं, पॅडल वर यायला कामून रेंगाळत असंल?

मारोतराव बी भेटून गेले. गाडीचं नाव काढलं नाही त्यांनी, भला माणूस. पण पोरी एसटीनं यायल्यात, गर्दीत उभ्यानं, आन कधी कधी पहिला तास बुडतोय हे त्यांच्या तोंडून निघून गेलंच. दत्ताभावजींनी तुमची बोली खरी करायची म्हणून दुसरा पंप आणून चढवला. काही फरक नाही. मग ते पुण्याहून बूस्टर मागवायच्या गोष्टी करायला लागले, आन एका दुपारी ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, बूस्टर बदलला तरी माझी गाडी सोडायची हिंमत व्हईना. दादा गेल्यापासून माझा माझ्याच हातावर भरोसा राहिला न्हाई. मारोतरावाला सांगतो, गाडी परभणीला मोठ्या गॅरेजात न्या. आन आपलं फाटक बी लावून घेऊ काही दिवस."

माझं डोकंच सणकलं. मी म्हणलं, "भावजी, ह्यांनी शब्द दिलाय, बराबर झाल्याबिगर सोडत न्हाई म्हणून. आन माझी बोली राहिलीय. मारोतरावाला फोन लावा. गिऱ्हाइकाशिवाय बोली होत न्हाई."

भावजी कुरकुरत उठले. पण फोन लावला. मारोतराव लगोलग आले, मी चप्पल दारात काढली आन सीटवर जाऊन बसले.

आता ऐका, कारण इथं तुमी हवे होता. आधी मी गाडी बंद ठेवून दाबलं. पहिले दोन-तीन दाब मऊ गेले, मग पॅडल दगडासारखं कडक. म्हणजे बूस्टरनं साठवलेला जोर होता, कुठं गळून गेला नव्हता. कडक झालेल्या पॅडलवर पाय तसाच ठेवला आन चावी फिरवली. पॅडल जरा खाली बसलं आन मग तळव्याला हलकेच ढकललं. तुमी म्हणायचे तसंच, बूस्टर जागा असला की पायाला नमस्कार करतो. म्हणजे बूस्टर धडधाकट. पंप तर नवाच. गाडी बंद असताना पॅडल झटक्यात वर यायचं आन चालू केली की रेंगाळायचं. भावजींना म्हणलं, स्टेरिंग एका अंगाला फिरवा. त्यांनी खिडकीतून हात घालून फिरवलं, आन अहो, मी पाय उचललेला, तरी पॅडल आपोआप खाली सरकलं. अंगावर काटा आला माझ्या. भीतीनं नाही. कळलं म्हणून.

मी खाली उतरले आन म्हणलं, "माझी बोली, परतीचा पाइप. तेल जातंय, पण त्याला माघारी यायला वाट न्हाई. पाव्हणे घरात शिरायलेत आन बाहेर पडायचं दार लागलेलं. मग आतच दाटणार, आन ब्रेक धरणार."

"पाइप नवा हाय वहिनी," भावजी म्हणाले. "दादानं बी बघितला होता. मी बूस्टरवर कायम हाय."

"ह्यांनी बाहेरून बघितला."

तेवढ्यात मारोतराव मान खाजवायला लागले. तुमी म्हणायचे ना, माणूस डॉक्टरपेक्षा मेकॅनिकापासून जास्त लपवतो. तसंच झालं. म्हणाले, "वहिनी, त्यो पाइप... त्यो मीच टाकलाय. जुना फुटला तवा मी रस्त्यात होतो, बाजूच्या वावरात सोयाबीनवर फवारणी चालू होती. त्या गड्याकडून फवारणीच्या पंपाचा पाइप मागून घेतला. एवढा दाब सोसणारा पाइप, म्हणलं ह्याला काय व्हतंय. तात्याला सांगायचं राहिलं. पाइपच तर हाय, त्यात काय सांगायचं."

भावजींनी पाना उचलला. क्लिपा सोडल्या, पाइप काढला, पुसला, तोंडाला लावला आन फुंकला. गाल फुगून भोपळे झाले, डोळे बाहेर आले, पलीकडून हवा निघाली ती नावापुरती. मला हसू यायला लागलं. तुमी गेल्यापासून पहिल्यांदा, आन ते बी असलं हसू की थांबेना. मग त्यांनी चाकूनं पाइप उभा चिरला. बाहेरून गुळगुळीत, जाड, तुमच्या अंगठ्याला फसवणारा. आतलं रबर गरम तेलानं फुगून फुगून एकमेकाला चिकटलेलं, मधे आगकाडी जाईल एवढीच वाट. औषधाचं गार पाणी सोसणारा पाइप तो, त्याला गरम तेल कसं सोसावं?

भावजी तसेच उठले, बॉनेटवर हात ठेवला आन म्हणाले, "माझी बोली चुकली." मारोतरावांनी बी हात ठेवला, "माझी तर न बोलताच चुकली." आता तुमची राहिली होती. भावजी हळूच म्हणाले, "दादाची मी म्हणू का?" मी नको म्हणलं. ज्याची त्यानं म्हणायची, हा नियम तुमचाच आहे.

परभणीहून तेलाचा म्हणून मिळतो तो खरा पाइप आणला. जुनं तेल काढून टाकलं, नवं भरलं. पुढची चाकं उचलून, गाडी बंद ठेवून, भावजी स्टेरिंग सावकाश ह्या टोकाहून त्या टोकाला फिरवत होते आन मी डब्यावर वाकून बुडबुडे बघत होते. फेस आला, बसला, पुन्हा आला, पुन्हा बसला. शेवटी तेल स्वच्छ झालं, इतकं की माझं तोंड दिसलं. भावजी म्हणाले, "आता पाय द्या वहिनी." मी म्हणलं, "आता तुमी द्या, मी इथून बघते." पाय देणारा बदलला, बघणारा बदलला. गाडी मात्र सुतासारखी सरळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव गाडी न्यायला आले. भावजी फाटकात उभे, हाताची घडी घालून. मारोतरावांनी विचारलं, "सोडता ना?" भावजींनी माझ्याकडं बघितलं, मी मागच्या दिव्याकडं बघत होते. मारोतरावांनी फाटकाशी ब्रेक दाबला, दिवा लागला. सोडला, दिवा विझला. त्याच घडीला विझला. भावजी म्हणाले, "सोडली." आन लहान लेकरासारखे रडले. आता पोरी त्याच गाडीनं यायल्यात. काल त्यातली एक खिडकीतून मला हात करून गेली, मी ओळखत बी नाही तिला.

फाटक लावलं नाही आमी. आज दुपारी जिंतूरची एक जीप आली. स्टेरिंग जड, आन वळवलं की कण्हल्यासारखा आवाज. मी उठून चप्पल काढायला लागले, तर भावजी म्हणाले, "वहिनी, पाय नंतर. आधी तुमची बोली."

अहो, मला कसं वाटलं ते तुमाला कळायचं नाही. तुमी रोज बोलायचे, तुमाला त्याचं काय. मी पदर खोचला, जीपभोवती फिरले, ऐकलं आन म्हणलं, "पट्टा सैल हाय." भावजी म्हणाले, "तेलात हवा हाय." जीपवाला आमच्या तोंडाकडं बघायला लागला. आन आमी दोघं तसेच उभे. पाना समोर पडलेला, पण उचलायला हात कुणाचा जाईना. सगळ्यांच्या बोली झाल्या नव्हत्या.

मग मीच म्हणलं, "ह्यांची बोली, पंप."

भावजी हसले, डोळे पुसले आन पाना उचलला.

पट्टा ताठ होता. तेलात हवा नव्हती. पंप खोलला, तर आतून पार झिजलेला.

भावजींनी बॉनेटवर हात ठेवून आपली चूक कबूल केली. मग मी हात ठेवला. पत्रा उन्हानं तापला होता. म्हणलं, "माझी बोली चुकली." तुमाला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणलं.